कोपऱ्याचा खांब

टेंभुर्णी हे रस्त्यांचं गाव आहे. पुणे-सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो आणि पंढरपूर, अकलूज, कुर्डुवाडी, करमाळ्याकडे जाणारे रस्ते इथूनच फुटतात. उजनी धरणाचं पाणी आल्यापासून चारी बाजूंना ऊस, केळी, डाळिंबाच्या बागा आहेत. शेजारी एमआयडीसी आहे. अशा गावात धंदा करायचा म्हटलं की हॉटेल, टायरचं दुकान, कृषी सेवा केंद्र नाहीतर जेसीबी हीच नावं आधी निघतात. त्या प्रत्येकाला हातात मोठी रक्कम लागते. माझ्याकडे ती नव्हती. म्हणून झाडं काढणं, फांद्या छाटणं आणि शेताला तार कंपाउंड घालणं ही कामं मी घेतली. आज त्यावर माझं घर चालतं आणि माझ्याबरोबर राबणाऱ्या माणसांचीही घरं चालतात. या कामात जे कळलं ते या वाटेला नव्यानं येणाऱ्या मुलांसाठी आणि आम्हाला कामाला बोलावणाऱ्या शेतकऱ्यांसाठी लिहितो आहे.

ही दोन कामं एकत्र करण्याला कारण आहे. बांधावरची वेडी बाभूळ निघाल्याशिवाय खांबांची ओळ सरळ जात नाही, त्यामुळे झाड काढायला बोलावणारा शेतकरी बहुतेक वेळा कंपाउंडचीही चौकशी करतो. पहार, टिकाव, खोरं, दोर ही अवजारं दोन्हीकडे चालतात. हंगामही एकमेकांना धरून आहेत. होळीपासून मृगापर्यंत छाटणीचं काम असतं, कारण वळवाचा वारा सुटायच्या आत घरावर आलेल्या फांद्या उतरवायच्या असतात. पाऊस उघडला, रानाला वाफसा आला की खड्डे घ्यायला सोपं जातं आणि कंपाउंडची कामं सुरू होतात. अडचण माणसांची येते. दिवाळीनंतर कारखाने पेटतात, गावातली हाताखालची माणसं ऊसतोडीकडे आणि वाहतुकीकडे जातात. म्हणून कायमची माणसं पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांतही सांभाळावी लागतात. काम नसताना दिलेली हजेरी हा खर्च वाटतो, पण दोर धरणारा सवयीचा माणूस हंगामात शोधून मिळत नाही.

कमी भांडवलात धंदा करायचा म्हणजे सगळीकडे काटकसर करायची, असं लोक समजतात. माझं मत वेगळं आहे. कुठं काटकसर करायची नाही, हे आधी ठरवलं तरच बाकीच्या ठिकाणी ती करता येते. मी तीन नियम पाळतो. रोज लागतं ते विकत घ्यायचं. कधीतरी लागतं ते भाड्यानं आणायचं. छोटा हत्ती, ट्रॅक्टर, जेसीबी गावात हवे तेव्हा मिळतात, त्यांचे हप्ते आपण कशाला भरायचे? आणि ज्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो ते नवंच घ्यायचं. कटर मशीन जुनं चालतं. दोर, कमरेचा पट्टा आणि हेल्मेट जुनं चालत नाही. दोर वर्षभर उन्हात राहिला, ओल्या सालीवर घासला की आतून झिजतो आणि वरून ते दिसत नाही.

जुनं मशीनही नव्यासारखं चालवता येतं, पण रोज संध्याकाळी कानस हातात घ्यावी लागते. साखळीला धार आहे की नाही हे भुशावरून कळतं. धार असेल तर जाड, चपटा कीस उडतो. धार गेली की पिठासारखा बारीक भुसा पडतो, मशीन तापतं, पेट्रोल जास्त जातं आणि माणूस मशीनवर जोर टाकू लागतो. अपघात तिथंच होतात. फिरती साखळी एकदा जरी मातीला लागली तरी धार जाते, म्हणून जमिनीवर पडलेलं खोड तोडताना खाली ओंडका सरकवायचा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल डोळ्यानं नाही, मापानं घालायचं. या सगळ्याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

सरकारी योजनांपैकी दोन-तीन आमच्यासारख्यांना खरोखर उपयोगी आहेत. उद्यम नोंदणी 2020 पासून ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नयेत. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतचं कर्ज विनातारण मिळतं. एवढ्यात मशीन, दोर, पहारी आणि पहिल्या कामाचा माल बसू शकतो. तिसरी योजना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला 2 लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाचा हा विमा उतरवलेला असावा, हे मी बघतो. ज्याचं बँकेत खातं आहे आणि वय 18 ते 70 आहे त्याला तो घेता येतो. झाडावर चढणाऱ्या माणसाच्या घरी एवढी तरी सोय हवीच.

आता झाडाच्या कामाबद्दल. रानातलं मोकळ्यावरचं झाड आणि घरावर झुकलेलं झाड यांचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. मोकळ्यावरच्या सुबाभळीला किंवा निलगिरीला वखारवाला वजनानं पैसे देतो, तिथं लाकडातून मजुरी सुटू शकते. पत्र्याच्या घरावर आलेली कडुलिंबाची फांदी मात्र तुकड्या-तुकड्यानं दोराला बांधून खाली सोडावी लागते. तिला अर्धा दिवस जातो आणि लाकूड निघतं ते चुलीपुरतं. "लाकूड घेऊन जा, तेवढ्यात भागवा," असं गिऱ्हाईक म्हणतं, तेव्हा मी त्यांना झाडाखाली उभं करून वर दाखवतो. तोडणीचे पैसे लाकडासाठी नसतात, खालचं घर शाबूत ठेवण्यासाठी असतात. हे समजावून सांगितलं की बहुतेक लोक मान्य करतात.

कुऱ्हाड लावण्याआधी झाडाभोवती एक चक्कर मारायची. बुंध्याला ढोली आहे का, आळिंबी उगवली आहे का, कोणत्या बाजूला फांद्यांचा भार जास्त आहे, आग्या मोहोळ आहे का, वीजवाहिनी किती लांब आहे, हे बघायचं. पाडायच्या बाजूला खोडाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पाचरीसारखी खाच घ्यायची. मग मागच्या बाजूनं, खाचेपेक्षा थोडं वर काप द्यायचा आणि मधे लाकडाची एक पट्टी अखंड ठेवायची, साधारण खोडाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. झाड कुठं पडायचं ते ती पट्टी ठरवते. घाईत ती आरपार कापली तर झाडावर कुणाचाच ताबा राहत नाही. वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणच्या उपकेंद्रातून लाईन बंद करून घ्यायची आणि वायरमन जागेवर आल्याशिवाय वर माणूस चढवायचा नाही. "सध्या लोडशेडिंग आहे, उरकून टाका," या बोलण्यावर चढायचं नाही. लाईट कधी येईल ते झाडावरच्या माणसाला ठाऊक नसतं.

कायदाही माहीत हवा. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, मोह, चंदन, खैर, अंजन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या सातबाऱ्यातल्या रानात असली तरी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आमच्या भागात हा प्रश्न बहुतेक वेळा चिंचेचा आणि आंब्याचा असतो. कागद हातात आल्याशिवाय मी दोर टाकत नाही. रस्त्याकडेचं झाड तर शेतकऱ्याचं नसतंच, ते आपल्या बांधाला लागून असलं तरीही. अशा वेळी काम हातचं जातं. जाऊ द्यावं.

बरीच झाडं तोडायची नसतातच, छाटायची असतात, आणि छाटणी कशी करावी हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. जाड फांदी वरून एका कापात तोडली की ती पडताना खोडाची साल सोलत खाली नेते. म्हणून आधी थोडं पुढं, खालच्या बाजूनं अर्धवट काप द्यायचा. मग त्याच्या पुढून वरून कापून भार उतरवायचा आणि शेवटी राहिलेलं खुंट काढायचं. ते खोडाला घासून काढायचं नाही. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून काढायचं. अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी बुजत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि पुढं वाढतं. ती भिंत घालण्याची ताकद याच फुगीर कडेत असते. ती कड सोडून कापलेली फांदी दोन-चार पावसाळ्यांत गोल वळ धरते. घासून कापलेली फांदी ढोली होते, आणि ढोली झालेलं झाड पुढं कधीतरी आम्हालाच पाडावं लागतं. जे झाड छाटून वाचतं ते पाडायला मी तयार होत नाही. छाटणीत पैसे कमी मिळतात, पण तेच झाड तीन-चार वर्षांनी पुन्हा काम देतं आणि सावली राहते ती वेगळी.

पाखरांचाही विचार करावा लागतो. उजनीच्या फुगवट्यामुळे या पट्ट्यात बगळे, पाणकावळे, चित्रबलाक मोठ्या संख्येनं आहेत. इंदापूरला जुन्या चिंचांवर चित्रबलाकांची वसाहत असते, ती पाहायला लोक लांबून येतात. झाडावर घरटी भरलेली असताना फांदी उतरवायला मी नकार देतो. पिल्लं उडाली की येतो म्हणून सांगतो. वन्यजीवांच्या कायद्याप्रमाणेही ते योग्य आहे आणि मनालाही तेच पटतं.

कंपाउंडच्या कामात पहिला प्रश्न येतो तो भावाचा. "एकराला किती घेता?" हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण तार क्षेत्राला लागत नाही, कडेला लागते. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद. असे 40 गुंठे म्हणजे एकर, 43,560 चौरस फूट. एकर चौरस असेल तर त्याचा घेर साधारण 835 फूट भरतो आणि दहा फुटांवर खांब धरला तर 84 खांब लागतात. तोच एकर 66 फूट रुंद आणि 660 फूट लांब असा पट्टा असेल तर घेर 1,452 फूट होतो आणि खांब 145 लागतात. जमीन तेवढीच, खर्च पावणेदोन पट. उलट चौरस चार एकराला एकराच्या चौपट तार लागत नाही, दुप्पटच लागते. म्हणून मी रनिंग फुटाचा भाव देतो, माल वेगळा आणि मजुरी वेगळी लिहितो आणि हे गणित शेतकऱ्यासमोर वहीवर मांडून दाखवतो.

या गणितात आपल्या गावांची गोष्ट दडलेली आहे. वाटण्या होतात तेव्हा प्रत्येकाला रस्त्याचं आणि पाण्याचं तोंड हवं असतं, म्हणून रान लांबट पट्ट्यांत तुटतं. समजा चार भावांचे असे एकेक एकराचे चार पट्टे शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकानं आपापलं स्वतंत्र कंपाउंड केलं तर चौघांचं मिळून 5,808 फूट काम होतं. चौघांनी मिळून बाहेरून एकच कंपाउंड केलं तर 264 बाय 660 फुटांचा एक तुकडा होतो आणि घेर भरतो 1,848 फूट. तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. जनावर आणि चोर बाहेरून येतात, भावाच्या पट्ट्यातून नाही. मी ठेकेदार आहे, जास्त फूट म्हणजे मला जास्त मजुरी. तरीही एकत्र कंपाउंडचा हिशोब मी आधी सांगतो. काही घरांत तो ऐकला जातो, काही घरांत भाऊ एकमेकांशी बोलतच नाहीत. पण ज्यांनी ऐकलं त्यांनी वाचलेल्या पैशांत सिमेंटचे खांब आणि चांगल्या जस्ताची तार घेतली, आणि ती कंपाउंडं आज ताठ उभी आहेत.

हद्दीचा वाद असेल तर खड्डा घ्यायचाच नाही. दोन्ही शेतकरी बांधावर उभे करून सुतळी लावायची. दोघांचं एकमत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम होईपर्यंत थांबायचं. मोजणीची फी भरायला लोक कुरकुरतात, पण खांब उपटून पुन्हा रोवायला त्याहून जास्त लागतात, आणि कोर्टाच्या तारखांना किती लागतात ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

कंपाउंड टिकतं की पडतं ते कोपऱ्यावर ठरतं. मधले खांब फक्त तारा उंचीवर धरतात, ओढ सगळी कोपऱ्यावर येते. पाच पदरी तार ताणली की कोपऱ्याचा खांब दोन बाजूंनी आत खेचला जातो. म्हणून तो जाड घ्यायचा, इतर खांब दोन फूट गाडले तर हा तीन फूट गाडायचा, काँक्रीट भरायचं आणि दोन्ही ओळींच्या दिशेनं तिरपे टेके द्यायचे. लांब ओळीत दर शंभर-दीडशे फुटांवर असाच टेक्याचा खांब हवा. काँक्रीट भरल्याच्या दिवशी तार ओढायची नाही. आठवडाभर पाणी मारायचं आणि मगच ताण द्यायचा. गिऱ्हाइकाला घाई असते, पण या आठवड्यावर पुढची पंधरा वर्षं अवलंबून असतात. स्वस्त काम नेमकं इथंच केलं जातं. कोपऱ्याला साधा खांब घालतात, नुसत्या मातीनं खड्डा बुजवतात आणि पहिल्या पावसाळ्यात सगळी ओळ ढिली पडते.

जमीन बघून कामाची पद्धत बदलते. काळ्या रानात पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. तिथं खड्डा जास्त खोल घेऊन मुरूम ठोकून भरावा लागतो. माळावर मुरूम आणि खडक लागतो, खड्ड्याला वेळ जातो, पण खांब हलत नाही. कालव्याच्या पाण्यानं चिबड झालेल्या रानात लोखंडी अँगल जमिनीच्या पातळीला गंजून तुटतो. तिथं सिमेंटचा खांब बरा, नाहीतर अँगलभोवतीचं काँक्रीट जमिनीच्या वर वीतभर आणायचं, म्हणजे खारं पाणी लोखंडाला लागत नाही. तार किलोनं विकली जाते, त्यामुळे पातळ तार घेतली की तेवढ्याच पैशात जास्त लांबी मिळते आणि सौदा स्वस्तात पडल्यासारखा वाटतो. गेज आणि जस्ताचा थर बघूनच घ्यायची. रानडुकराचा त्रास असेल तर खालची तार जमिनीलगत हवी, नाहीतर खाली दोन-तीन फूट जाळी हवी. डुक्कर नेहमी खालून घुसतं.

एक गोष्ट कितीही पैसे दिले तरी मी करत नाही. कंपाउंडच्या तारेला घरातला किंवा मोटारीचा करंट जोडून देत नाही. झटका मशीन वेगळं असतं. ते बॅटरीवर चालतं, साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा धक्का सोडतं, मधल्या वेळात तार मोकळी असते आणि जनावर मागं सरकतं. थेट जोडलेल्या करंटमध्ये सुटका नाही. महाराष्ट्रात अशा तारांना चिकटून माणसं मेली आहेत. कुणाचा शेजारी, कुणाचा मजूर, कधी खुद्द मालक. त्यानंतर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो आणि पीक वाचवायला निघालेलं घर उद्ध्वस्त होतं. झटका मशीन लावायचंच असेल तर अर्थिंग नीट द्यावं आणि लांबून दिसेल असा इशाऱ्याचा फलक लावावा.

राहिला पैशाचा प्रश्न. आमच्याकडचा शेतकरी उसाचं बिल निघाल्यावर देणार. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात ते लांबले की शेतकऱ्याची उधारी लांबते आणि आमचीही. तारवाला आणि खांबवाला मात्र रोख मागतो. म्हणून मी ठरवलं की मालाचे पैसे आधी, तेही शक्यतो शेतकऱ्यानं स्वतः दुकानात जाऊन द्यायचे. मजुरीपैकी निम्मी काम अर्ध्यावर आल्यावर, आणि राहिलेली निम्मी बिल निघाल्यावर दिली तरी चालेल. यात माझं भांडवल अडकत नाही आणि शेतकऱ्यालाही माल कोणत्या भावानं आला ते दिसतं. मालात कमिशन ठेवणारे ठेकेदार आहेत, पण विश्वासावर मिळणारं पुढचं काम त्या कमिशनपेक्षा मोठं असतं.

आमच्या आजोबांच्या काळात कंपाउंडला तार नव्हती. बांधाला घायपात, शेर, निवडुंग असायचा, उन्हाळ्यात बोराटी टाकायची. त्या कुंपणात सरडे, तितर, मुंगूस राहायचे आणि बांधाची माती वाहून जात नसे. आज पीक महाग झालं, डाळिंबाच्या आणि केळीच्या बागेत लाखो रुपये उभे असतात, म्हणून तार लागणारच. पण तारेच्या आतून हातभर अंतरावर सागरगोटा, करवंद किंवा शेर लावायला मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. तार गंजायला लागेल तेव्हा जिवंत कुंपण उभं राहिलेलं असेल. बांधावर वेडी बाभूळ काढली तर तिथं कडुलिंब किंवा देशी बाभूळ लावा, हेही सांगतो. जो झाडं काढून पोट भरतो त्यानं हे सांगितलंच पाहिजे.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे: कर्ज काढून मोठं मशीन घेऊ नका, आधी एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली दोर धरा, कानस चालवायला शिका, टेपनं घेर मोजायला शिका. विमा उतरवल्याशिवाय कुणाला झाडावर चढवू नका. आणि शेतकऱ्यांना विनंती आहे: कंपाउंड करण्याआधी मोजणी करून घ्या, भावाशी एकदा बोलून बघा, तारेत करंट सोडू नका. ठेकेदार ठरवताना एकराचा भाव विचारू नका. कोपऱ्याला कोणता खांब घालणार आणि तो किती खोल गाडणार, ते विचारा.